तर्री-पोहे खाऊन कोणी 'पिऊन' ठरत नाही

नागपूरच्या ग्रुपांवर एक मेसेज जोरात फिरून राहिला आहे. सार असं: रक्तातली दारू 'जुन्या केमिस्ट्रीनं' मोजतात, नारिंगी डायक्रोमेट नावाचं रसायन हिरवं झालं की माणूस दारुडा. पण डायक्रोमेट समोर येईल ते जाळतं, म्हणून शुगरवाले आणि खोकल्याचं औषध घेणारेही अडकतात. त्यात नळीतलं रक्त आंबून दारू आपोआप तयार होते. सबब, रिपोर्ट कोर्टात टिकत नाही.

साखरेपासून सुरुवात करू. डायक्रोमेट साखरेचंही ऑक्सिडीकरण करतं (मेसेजच्या भाषेत 'जाळतं'), एवढं खरं. पण निरोगी माणसाच्या रक्तात उपाशीपोटीच 100 मिलीमागे 80-90 मिलिग्रॅम साखर असते, आणि पिऊन गाडी चालवण्याबद्दलच्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 ची मर्यादा आहे 30 मिलिग्रॅम अल्कोहोल. साखर मोजली गेली असती, तर सकाळी तर्री-पोहे खाऊन निघालेली अख्खी सीताबर्डी आत गेली असती! तसं होत नाही, कारण रक्त डायक्रोमेटमध्ये मिसळतच नाहीत. एका पद्धतीत बंद फ्लास्कमध्ये डायक्रोमेट आणि सल्फ्युरिक आम्ल खाली, रक्त वर टांगलेल्या छोट्या कपात. कोमट ठेवलं की अल्कोहोल वाफ होऊन खाली उतरतं. साखर आणि प्रथिनं कपातच राहतात. मधुमेहात वाढणारं ॲसिटोन उडतं खरं, पण डायक्रोमेटशी ते सहजासहजी भिडत नाही.

हिरवा रंग बघूनही कोणी निकाल देत नाही. मोजतात ते उरलेलं डायक्रोमेट. त्यात पोटॅशियम आयोडाइड घातलं की आयोडीन सुटतं, आणि स्टार्च घालून आलेला निळा रंग जाईपर्यंत ब्युरेटमधून (खुणा केलेल्या नळीतून) आयोडीन संपवणारं थायोसल्फेटचं द्रावण सोडतात. यालाच टायट्रेशन म्हणतात. थायोसल्फेट जितकं कमी लागलं, तितकी दारू जास्त. सोबत रक्ताशिवायचा कोरा फ्लास्कही असतो. आकडा निघतो तो दोघांतल्या फरकावरून. 1 मिली रक्त आणि 0.01 नॉर्मल (म्हणजे अगदी पातळ) थायोसल्फेट घेतलं, तर 30 मिलिग्रॅमच्या मर्यादेवर हा फरक सुमारे 2.6 मिली येतो. वाचनात 0.1 मिलीची चूक झाली तरी आकडा साधारण 1 मिलिग्रॅमनं हलेल. काठावरच्या केसमध्ये वकिलानं जरूर भांडावं. 120 मिलिग्रॅम आलेल्यानं कशाला?

खोकल्याचं औषध? 5 टक्के अल्कोहोलचं 10 मिली सिरप म्हणजे 0.4 ग्रॅम अल्कोहोल. सत्तर किलोच्या माणसात ते 100 मिली रक्तामागे 1 मिलिग्रॅमच्याही आत राहतं. फुंकायच्या यंत्रावर मात्र घोट घेतल्या घेतल्या आकडा उसळू शकतो, कारण औषध तोंडातच असतं. म्हणून तिथे पंधरा मिनिटं थांबवणं योग्य.

रक्त आंबण्याच्या मुद्द्यात दम आहे. जंतू किंवा यीस्ट शिरले आणि नमुना गरमीत पडून राहिला, तर साखरेचं अल्कोहोल होऊ शकतं, आणि मे महिन्यातलं नागपूर काय चीज आहे हे आपल्याला सांगायला नको. त्यासाठीच नळीत हे आंबणं रोखणारं सोडियम फ्लोराइड घालतात आणि ती फ्रिजमध्ये ठेवतात. झाकण सैल असेल तर उलट अल्कोहोल उडून आरोपीचाच फायदा होतो. तेव्हा विचारायचं ते हे: फ्लोराइड होतं का, सील शाबूत होतं का, रक्त घेताना कातडी स्पिरिटनं तर पुसली नाही ना?

खरी उणीव मेसेजमध्ये आलेलीच नाही. मिथेनॉल आणि इथेनॉल दोन्ही उडतात, दोन्ही डायक्रोमेट खातात, आणि टायट्रेशनला त्यांतला फरक कळत नाही. विषारी दारूचा संशय असेल तर गॅस क्रोमॅटोग्राफीच (वाफेतले घटक वेगळे करून मोजणारी तपासणी) हवी. ती दोघांना वेगवेगळं दाखवते.