डिस्टॉर्शन १९६४ ला जन्मलं नाही, आणि तो सोलो जिमी पेजचाही नाही

तो मेसेज परत फिरायला लागलाय. मला आठवड्यात तिघांनी पाठवला, त्यातल्या दोघांनी "तुझ्या आवडीचा विषय" म्हणून. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: १९६४ पर्यंत जगभर गिटार एकदम स्वच्छ वाजायची, मग लंडनच्या ‘द किंक्स’ बँडमधल्या १७ वर्षांच्या डेव्ह डेव्हिसच्या अँपचा (गिटारचा आवाज मोठा करणारा डबा) स्पीकर चुकून फाटला, त्यातून ‘यू रिअली गॉट मी’ आलं, तीच जगातली पहिली डिस्टॉर्टेड, म्हणजे फाटक्या, घरघरत्या आवाजाची गिटार, ते ऐकून कंपन्यांनी फझ पेडल (पायाने दाबून गिटारचा आवाज तसाच फाटका करणारे डबे) काढले, आणि शेवटी ठळक अक्षरात, त्यातला सोलो (मधला एकट्या गिटारचा तुकडा) खरंतर पुढे ‘लेड झेपलिन’मधे गाजलेल्या जिमी पेजने वाजवलाय.

मला हे गाणं शाळेत असल्यापासून जिवापाड आवडतं, म्हणूनच हा मेसेज वाचून चिडचिड होते. एकाच मेसेजमधे त्या पोराला जे त्याचं नाही ते दिलंय आणि जे शंभर टक्के त्याचंय ते काढून घेतलंय.

"१९६४ च्या आधी डिस्टॉर्टेड गिटार नव्हती." साफ चूक. १३ वर्षं मागे जा. १९५१, मेम्फिस, सॅम फिलिप्सचा स्टुडिओ. मिसिसिपीतल्या क्लार्क्सडेलहून आयक टर्नरचा बँड गाडीत सामान कोंबून तिथे पोचला तेव्हा गिटारवाल्या विली किझार्टचा अँप वाटेत खराब झाला होता, कुणी सांगतं गाडीवरनं पडला, कुणी सांगतं पावसात भिजला. नवीन आणायला वेळ नव्हता, तर फिलिप्सने स्पीकरच्या कोनमधे (आवाज काढणारा कागदी पडदा) कागद कोंबला आणि तसंच रेकॉर्डिंग केलं. ते गाणं म्हणजे ‘रॉकेट ८८’. हेडफोन लावून गायक सोडा आणि खालची गिटार ऐका, सॅक्सोफोनसारखी घरघरते ती. गाणं अमेरिकेच्या आरअँडबी (रिदम अँड ब्लूज) चार्टवर पहिलं गेलं, म्हणजे कोपऱ्यात पडलेली चीज नव्हे. पण रेकॉर्डवर नाव छापलं गायक जॅकी ब्रेन्स्टनचं, ‘अँड हिज डेल्टा कॅट्स’, आणि डेल्टा कॅट्स नावाचा बँड मुळात नव्हताच, तो आयक टर्नरचा ‘किंग्ज ऑफ रिदम’ होता. विली किझार्ट हे नाव तेव्हाही रेकॉर्डवर आलं नाही आणि आज ह्या मेसेजमधेही नाही. कृष्णवर्णीय ब्लूजवाल्यांनी जे आधी केलं ते दहा-पंधरा वर्षांनी लंडनमधे ‘पहिल्यांदा’ झालं असं लिहायचं, ही सवयच झालीये आणि मला ती खुपते.

मग १९५८ चं, अमेरिकन गिटारवाल्या लिंक रेचं ‘रंबल’. व्हर्जिनियातल्या फ्रेडरिक्सबर्गला एका डान्सच्या कार्यक्रमात स्टेजवरच सुचलेलं, लोकांनी पुन्हा पुन्हा वाजवायला लावलेलं. स्टुडिओत गेल्यावर आवाज फारच गुळगुळीत यायला लागला, तो स्टेजवरचा दम येईना, तेव्हा ह्या माणसाने पेन्सिल घेतली आणि अँपच्या छोट्या स्पीकरना भोकं पाडली. एक शब्द नाही त्या गाण्यात, नुसती गिटार, तरी काही रेडिओ स्टेशन्सनी पोरं मारामाऱ्या करतील म्हणून त्यावर बंदी घातली. शब्द नसलेल्या गाण्यावर बंदी! नुसत्या आवाजाची केवढी भीती बसली असेल विचार करा. किंक्सच्या ६ वर्षं आधीची गोष्ट ही.

"चुकून फाटला." नाही हो. चुकून झालं ते किझार्टच्या बाबतीत. डेव्हने घराजवळच्या एका दुकानातून स्वस्तातला हिरवा एल्पिको अँप घेतला होता, त्याच्या आवाजाला तो वैतागला आणि दाढीचं ब्लेड घेऊन स्पीकरच्या कोनला मधून कडेपर्यंत चिरे दिले. कोन कागदाचाच असतो, चिरल्यावर ते तुकडे एकमेकांवर फडफडतात, तीच ती खरखर. मग त्या छोट्या अँपचं आउटपुट त्याने मोठ्या व्हॉक्स एसी-३० अँपमधे सोडलं, म्हणजे खरखर आधी तयार झाली आणि मग मोठी झाली. हे ब्लेड हातात घेऊन, कान लावून केलेलं काम आहे, त्याला अपघात म्हणणं हा त्या पोरावर अन्याय आहे.

"त्यानंतर फझ पेडल आले." इथे तर तारखाच उलट्या आहेत. १९६१ ला नॅशव्हिलमधे मार्टी रॉबिन्सच्या ‘डोन्ट वरी’ ह्या कंट्री गाण्यात ग्रेडी मार्टिनच्या सहा तारांच्या बेसचा आवाज मिक्सिंग कन्सोलच्या बिघाडाने अचानक गुरगुरायला लागला आणि त्यांनी तो तसाच ठेवला. तो चॅनल पुढे पार मेला, पण लोक येऊन तोच आवाज मागायला लागले, म्हणून इंजिनियर ग्लेन स्नॉडीने तसा आवाज मुद्दाम काढणारं सर्किट बनवलं आणि गिब्सनने ते १९६२ ला माएस्ट्रो फझ-टोन म्हणून बाजारात आणलं. खपलं नाही. मग १९६५ ला रोलिंग स्टोन्सचं ‘सॅटिस्फॅक्शन’ आलं, कीथ रिचर्ड्सने त्यावरच रिफ (गाण्यात पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा छोटा तुकडा) वाजवला होता, आणि दुकानातले पडून असलेले डबे संपले. किंक्सचा ह्यात काही संबंध नाही, त्यांनी तर पेडल वापरलाच नव्हता.

मग ‘यू रिअली गॉट मी’ने केलं तरी काय? खूप मोठं केलं, आणि नेमकं तेच मेसेजमधे नाहीये. ‘रॉकेट ८८’ मधे ती घरघर सॅक्सच्या खाली दबलेली आहे, गाणं तिच्याशिवायही उभं राहतं. इथे घरघर काढली तर गाणंच उरत नाही. रे डेव्हिसने, म्हणजे डेव्हच्या मोठ्या भावाने, ते घरी पियानोवर केलं होतं, जॅझ-ब्लूजच्या अंगाने. पहिलं रेकॉर्डिंग संथ आणि रिव्हर्बने (घुमणाऱ्या आवाजाने) भरलेलं झालं, रेला ते अजिबात पटलं नाही आणि तो हटून बसला, म्हणून जुलैमधे लंडनच्या आयबीसी स्टुडिओत परत केलं. आधीचे दोन सिंगल आपटलेले, तिसरा चालला नसता तर बँड संपलाच होता, अशा वेळी हट्ट धरला त्याने! ४ ऑगस्टला रेकॉर्ड आली आणि सप्टेंबरमधे ब्रिटनमधे पहिल्या नंबरवर.

आता तो रिफ. दोनच कॉर्ड, एफ आणि जी, मागेपुढे, आणि त्याही पूर्ण कॉर्ड नाहीत. आपल्या भाषेत सांगायचं तर सा आणि प, गंधार गायब. का गायब ते घरी करून बघण्यासारखंय. मी पहिल्यांदा प्रॅक्टिस अँपचा गेन (वाढवला की आवाज फाटतो ते बटण) पूर्ण वर नेऊन साधी मेजर कॉर्ड वाजवली तर नुसता चिखल ऐकू आला, वाटलं गिटार बेसूर झालीये. मग ती गंधाराची तार दाबून बंद केली आणि एकदम तोफ. कारण असंय की डिस्टॉर्शनमधे दोन सुरांच्या फरकाचा तिसरा सूर आपोआप तयार होतो. ११० हर्ट्झचा सा आणि जवळजवळ १६५ चा प घ्या, फरक साधारण ५५, म्हणजे खालच्या सप्तकातला सा-च, फुकटात मिळालेला खर्ज. गिटारवरचा गंधार मात्र १३८.६ ला बसतो, त्याचा सा-शी फरक २८.६ आणि प-शी साधारण २६, हे दोन्ही कुठल्याच सुरात बसत नाहीत, आपापसात भांडतात, आणि तोच चिखल. तानपुऱ्याच्या जवारीत दोरा सरकवून तार किंचित घोड्याला घासवतात आणि त्यातून वरचे सूर फुलतात हे ज्यांनी जवळून ऐकलंय त्यांना ‘घासणारा आवाज जास्त श्रीमंत असतो’ हे वेगळं सांगायला नको, आणि तानपुराही बहुतेकदा सा-प लाच लावतात. डेव्हने हे गणित मांडलं नव्हतं, त्याने कानाने पकडलं. फाटक्या स्पीकरवर काय चालतं आणि काय नाही हे ओळखून त्याने रेची पियानोवरची चाल त्या आकारात आणली, आणि पुढच्या पोरांना ‘रिफ म्हणजेच गाणं’ ही वाट मिळाली. त्यांचाच प्रोड्यूसर शेल टॅल्मी काही महिन्यांत ‘द हू’ला घेऊन ‘आय कान्ट एक्सप्लेन’ करतो ते ऐका. १९७८ ला व्हॅन हेलनने पहिल्या सिंगलसाठी हेच गाणं उचललं.

राहिला जिमी पेज. ह्या अफवेला थोडी जमीन आहे हे मान्य. त्या काळात लंडनमधे प्रोड्यूसर सर्रास सेशनवाले (पैसे घेऊन कुणाच्याही रेकॉर्डवर वाजवणारे) आणायचे, ह्या गाण्यावरही ड्रम्स बँडच्या मिक एव्हरीने नाही तर सेशनवाल्या बॉबी ग्रॅहमने वाजवलेत, एव्हरीच्या हातात टॅम्बोरीन होती. आणि पेज तेव्हा सेशनच करायचा, टॅल्मी त्याला बोलवायचा, किंक्सच्या पहिल्या अल्बममधे काही ठिकाणी त्याची रिदम गिटार आहे. पण हा सोलो त्याचा नाही. टॅल्मी, जो तिथे समोर बसला होता, तो नाही म्हणाला होता. रे आणि डेव्ह नाही म्हणतात. खुद्द पेज नाही म्हणतो! ज्याला फुकट श्रेय मिळतंय तोच नको म्हणतोय, आणखी काय पाहिजे?

आणि कागदपत्रं जाऊ द्या, तो सोलो ऐका ना. रे ओरडतो आणि सोलो सुरू होतो, सूर एकमेकांवर चढतात, तालाच्या पुढे धावतात, काही अर्धवट दाबलेले. घड्याळ बघून सफाईने काम करणाऱ्या सेशनवाल्याचा हात तो नाही. १७ वर्षांचं पोरगं आहे ते, मोठा भाऊ समोर उभा आहे, आणि हिरवा अँप त्याने स्वतः फाडलेला आहे.