पहाटे चारचं पाणी

आम्ही नाशिकचे, त्यामुळे थंडीचं आम्हाला कुणी सांगू नये असा एक माज घरात पहिल्यापासून आहे. निफाडचा पारा घसरला की द्राक्षबागेत शेकोट्या पेटवल्याचे फोटो पेपरात यायचे आणि ते बघत आम्ही भजी खायचो, एवढाच खरं तर आमचा थंडीचा अनुभव. या भांडवलावर मी शिकागोजवळ नेपरविलला घर घेतलं.

2019 चा जानेवारी. आई पहिल्यांदाच हिवाळ्यात आलेली. (उन्हाळ्यात ये म्हटलं तर म्हणे तेव्हा लोणची असतात.) 30 तारखेला शिकागोचं तापमान उणे 23 फॅरेनहाइट, म्हणजे आपल्या भाषेत उणे 30 च्याही खाली. पोस्टाने टपाल वाटणं बंद केलं, शाळा बंद, आणि टीव्हीवर दाखवत होते की मेट्राच्या, म्हणजे इथल्या लोकलच्या, गाड्या अडकू नयेत म्हणून रुळांच्या सांध्यापाशी चक्क गॅसच्या ज्वाळा लावल्यात. आई म्हणाली, "द्राक्षांना करतात तशीच शेकोटी रे!" आणि समाधानाने चहा प्यायला लागली.

त्या रात्री साडेअकराला फर्नेस, म्हणजे घर गरम ठेवणारी गॅसची भट्टी, बंद पडली.

बंद पडलेली फर्नेस आधी कळतच नाही, कारण ती चालू असते तेव्हाही आपलं लक्ष नसतं. मला एवढंच जाणवलं की घर फार शांत झालंय. थर्मोस्टॅट 68 फॅरेनहाइटवर (आपले 20) लावलेला, घरात 61 (आपले 16). बेसमेंटमध्ये जाऊन बघितलं तर फर्नेसच्या काचेतून एक लाल दिवा तीनदा लुकलुकतो, थांबतो, परत तीनदा. झाकणामागे तक्ता चिकटवलेला असतो, त्यात तीन म्हणजे प्रेशर स्विच. आता प्रेशर मला ऑफिसचं माहीत. शेवटी मोबाईलच्या उजेडात वाचून वाचून जे कळलं ते असं, की आमची फर्नेस ही जास्त एफिशियन्सीवाली, म्हणजे गॅस जळल्यावर जो धूर निघतो त्यातलीही उष्णता ती पिळून काढते, मग त्या धुरातली वाफ थंड होते आणि तिचं पाणी होतं, चांगलं बादलीभर, आणि ते पाणी एका छोट्या पंपाने बोटाएवढ्या नळीतून बाहेर टाकायचं असतं. ज्या महाभागाने आमचं घर बांधलं त्याने ती नळी गॅरेजमधून काढून भिंतीबाहेर सोडलेली. नळी गोठली, पाणी मागे तुंबलं, आणि फर्नेसने प्रकृतीस जपून काम थांबवलं. म्हणजे थंडी घालवायचं यंत्र, ते पाणी करणार, ते पाणी थंडीने गोठणार आणि म्हणून यंत्र बंद. सरकारी कामातसुद्धा इतका पक्का गोल मी पाहिलेला नाही.

इमर्जन्सीच्या नंबरावर फोन केला. नुसतं दार वाजवायचे दीडशे डॉलर, आणि ते वाजणार परवा.

मग बायकोचा हेअर ड्रायर. गॅरेजमध्ये दोन जॅकेट घालून, स्टुलावर उभा राहून मी नळीला वारा घालतोय, खाली बायको कॉर्ड धरून, आणि दारातून आई विचारते, "अरे, मूल आजारी असल्यासारखं काय करताय त्या नळीला?" अर्धा तास झाला, नळी ढिम्म. बर्फ भिंतीच्या आत होता, तिथे ड्रायरच काय, माझी विनंतीही पोचत नव्हती. आई आत गेली आणि तिने आणलेली जुन्या नऊवारीची गोधडी घेऊन आली. मी सांगितलं की अगं, गोधडी स्वतः गरम नसते, नळीला कुठे अंगाची ऊब आहे. "असू दे," म्हणाली आणि गुंडाळली.

शेवटी बायकोनेच डोकं चालवलं. पंपापासची नळी उपसून खाली बादलीत सोडली. रिसेट केलं. खाली निळ्या ज्वाळा पेटल्या तेव्हा घरात 54 (आपले 12) झालं होतं, आणि आम्ही तिघं बेसमेंटमध्ये उभं राहून त्या काचेकडे असे बघत होतो की फक्त आरती म्हणायची बाकी होती.

पण बादली भरते. दहा लिटरची बादली, दर चार-पाच तासांनी रिकामी करायची, नाहीतर बेसमेंटात तळं. मी पहाटे चारचा गजर लावला आणि तेव्हाच मला ओळखीचं काहीतरी वाटलं. लहानपणी आमच्या गल्लीत पहाटे चारला नळ यायचा. आई हाक मारायची, मी झोपेत बादल्या लावायचो. आता चाळीस वर्षांचा होऊन, चार बेडरूमच्या घरात, पहाटे चारला उठून मी पाणी ओततोय. झाडांना घाल, असं आई म्हणालीच. त्या पाण्यात थोडं आम्ल असतं, आणि झाडं तीन फूट बर्फाखाली आहेत, हे मी सांगितलं नाही.

त्यात दुसरं युद्ध वेगळंच. घरातले पाइप गोठू नयेत म्हणून नळ बारीक धारेने चालू ठेवायचे, सिंकखालची कपाटं उघडी ठेवायची, असं इथे सगळे सांगतात. मी रात्री नळ सोडायचो, आई मागून जाऊन बंद करायची. "आई, राहू द्या ना," असं बायको म्हणाली तर उत्तर आलं, "गळता नळ बघून मला झोप येत नाही." दोन रात्री ही गस्त चालली. पाइप का फुटले नाहीत ते देवाला माहीत.

तिसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. भिंतीपाशी नऊवारी नेसलेली नळी बघून दोन मिनिटं काहीच बोलला नाही, मग फोटो काढू का विचारलं. नळी बाहेर न नेता आतल्या लाँड्री सिंकमध्ये सोडली, वीस मिनिटांचं काम. जाताना गोधडी घडी करून आईच्या हातात दिली. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "बघ, त्याला कळलं."

त्या रात्री गजर नव्हता, तरी चारला जाग आली. बेसमेंटमध्ये उतरलो. फर्नेस घुमत होती, नळी सिंकमध्ये ठिबकत होती. आणि शेजारी तीच बादली, घासूनपुसून, काठोकाठ स्वच्छ पाण्याने भरलेली, वर ताट झाकलेलं.

सकाळी विचारलं तर आई म्हणाली, "रिकामी होती. उद्या पाणी नाही आलं तर?"