दुधाचे दात पडणारच, म्हणून घासायचे नाहीत?

‘बाळाला तीन वर्षांचं होईपर्यंत ब्रश लावू नका. दुधाचे दात पडणारच आहेत, पेस्टमधलं फ्लोराइड म्हणजे विष, आणि आपल्या आज्यांनी कुठे पोरांचे दात घासले होते?’ हा मेसेज सध्या माझ्या माहेरच्या ग्रुपवरही आहे आणि सोसायटीच्याही. पाठवणाऱ्यांना बाळाची काळजीच असते, पण यातलं एकही कारण टिकत नाही.

पडणारच, हे खरं. पण कधी? पुढचे दात सहा-सात वर्षांनी पडतात, दाढा मात्र दहा-बारा वर्षांपर्यंत राहतात. इतकी वर्षं पोराने जेवायचं कशाने? दुधाच्या दातांचं वरचं कवच पातळ असतं, त्यामुळे कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत लवकर पोचते. मग ठणका, सूज, पू, रात्रभर रडणं. शिवाय दाढ अकाली काढावी लागली की शेजारचे दात त्या जागेत कलतात आणि खालून येणाऱ्या पक्क्या दाताला जागाच उरत नाही.

आता फ्लोराइड. चंद्रपूर-यवतमाळकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात ते जास्त असल्याने दातांवर डाग पडतात. भीती तिथूनच आली असावी. मुंबईच्या नळाला येतं ते बोअरचं नव्हे, तानसा, वैतरणा, भातसा अशा धरणांचं पाणी, त्यामुळे ती भीती इथे लागू नाही. पेस्टचं म्हणाल, तर तीन वर्षांखालच्या बाळाला लागते तांदळाच्या दाण्याएवढी. १००० पीपीएमच्या (हे फ्लोराइडचं प्रमाण) पेस्टमध्ये एका ग्रॅमला १ मिलिग्रॅम फ्लोराइड असतं. दाणाभर पेस्टमध्ये साधारण ०.१ मिलिग्रॅम. बाळाने तेवढं गिळलं तरी घाबरायचं कारण नाही. जाहिरातीत ब्रशभर पेस्टची लड दाखवतात, ती मात्र बाळासाठी नव्हे. आणि ट्यूब त्याच्या हाती लागू देऊ नका.

राहिल्या आज्या. ओल्या फडक्याने हिरड्या पुसणाऱ्या आज्या कित्येक घरांत होत्याच की! आणि साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात देऊन, दिवसभर हातात बिस्किट ठेवून किती आज्यांनी नातवंडं वाढवली? झोपेत लाळ कमी सुटते, बाटलीतलं दूध दातांवर तसंच राहतं. म्हणून वरचे पुढचे दात आधी किडतात. खालच्यांना जिभेचा आडोसा असतो. एक सवय मात्र तेव्हाही वाईट होती आणि आजही आहे: मशेरी. ती तंबाखू आहे. बाळाच्या हिरड्यांना तिचं बोटही लागू देऊ नका.

पहिला दात, बहुधा सहाव्या महिन्याच्या आसपास, दिसला की त्याच दिवसापासून सकाळी आणि रात्री झोपण्याआधी घासायचं. बेसिन लागत नाही, चाळीतल्या एका खोलीतही जमतं. मांडी घालून बसा, बाळाचं डोकं मांडीवर घ्या, म्हणजे दात वरून नीट दिसतात. एका बोटाने वरचा ओठ उचला आणि मऊ, छोट्या डोक्याच्या ब्रशने हिरडीच्या कडेपासून हलक्या हाताने गोल फिरवा. ओठ उचलल्यावर हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली, तर ती किडीची सुरुवात असू शकते. या टप्प्यावर ती थोपवता येते. तपकिरी खड्डा पडला की दात आपला आपण भरून येत नाही.

रेघ दिसो न दिसो, पहिल्या वाढदिवसाच्या आत एकदा दंतवैद्याला दाखवा. खासगी दवाखाना परवडत नसेल, तर मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय आणि सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय, दोन्हीकडे लहान मुलांच्या दातांचा वेगळा विभाग आहे.