दहावीला ९२ टक्के, म्हणजे डॉक्टरच?

दहावीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशी सकाळी पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज हटकून येतो. यंदा तीनदा आला. सार असं: नव्वदच्या वर गुण म्हणजे पोरात डॉक्टरकीची बुद्धी आहेच, आत्ताच ठरवा आणि गणित सोडा, दोन वर्षं रगडलं की जन्मभर आराम, नंबर नाहीच लागला तर परदेशात स्वस्तात एमबीबीएस होतं, आणि रक्त बघून ज्याला घेरी येते त्याने नाद सोडावा. मी अठरा वर्षं ज्युनिअर कॉलेजात बायोलॉजी शिकवतेय. या मेसेजवर विसंबून अकरावीला आलेली पोरं माझ्याच बाकांवर बसतात, म्हणून हा खटाटोप.

आधी ते नव्वद टक्के. आपल्या राज्य मंडळात टक्के ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ने निघतात. सहातला सगळ्यात कमी गुणांचा विषय बाजूला पडतो. कित्येक घरांत तो बाजूला पडलेला विषय गणित नाहीतर विज्ञानच असतो, पण अभिनंदनाच्या बॅनरवर ते कोण छापणार? शिवाय प्रत्येक विषयातले वीस गुण शाळेच्या हातचे. पुढे गाठ ‘नीट’शी, म्हणजे एमबीबीएसच्या देशव्यापी प्रवेशपरीक्षेशी आहे: १८० प्रश्न, ७२० गुण, चुकलं की एक गुण वजा. २०२५ साली २२ लाखांवर मुलं बसली, त्यातली १२ लाखांवर पात्र ठरली आणि एमबीबीएसच्या जागा देशभरात सव्वा लाखाच्या आतबाहेर, सरकारी त्यातल्या साधारण निम्म्या. म्हणून ‘आमची नीट पास झाली’ असे पेढे वाटलेल्या घरांत प्रवेशफेऱ्या सुरू झाल्या की सगळे गप्प होतात. खासगी कॉलेजांत अनेक ठिकाणी वर्षाची फी दहा लाखांच्या पुढे, अभिमत विद्यापीठांत तर विचारूच नका.

माझा खरा राग आहे तो ‘गणित सोडा’वर. दोन दगडांवर पाय नको, हे वाक्य ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण नीटमध्ये ४५ प्रश्न फिजिक्सचे असतात, म्हणजे १८० गुण. व्हेक्टर, लॉगरिदम, थोडं कॅल्क्युलस यांच्याशिवाय ते सुटत नाहीत. गणित सोडलेल्या मुलांना आमचे फिजिक्सचे सर आधी कित्येक दिवस गणितच शिकवत बसतात आणि वर ‘सोडलंत ना?’ असं विचारतात. पीसीएमबी, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, गणित आणि बायोलॉजी चारही घेतलं की ओझं वाढतं, प्रॅक्टिकलची एक वही जास्त होते, हे मान्य. पण बारावीनंतर सीईटीचे, म्हणजे राज्याच्या प्रवेशपरीक्षेचे, पीसीएम (गणिताचा) आणि पीसीबी (बायोलॉजीचा) हे दोन्ही गट मोकळे राहतात. सोळाव्या वर्षी एवढी मोकळीक महाग नाही.

‘आत्ताच ठरवा, नाहीतर गाडी सुटली’ हेही खोटंच. नोव्हेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने स्पष्ट केलं, की बारावीला बायोलॉजी नव्हती तरी नंतर मान्यताप्राप्त मंडळातून तो अतिरिक्त विषय म्हणून देऊन नीटला बसता येतं. वयाची अट खालच्या बाजूने आहे, प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला १७ पूर्ण हवीत. वरच्या बाजूने नाही.

जन्मभर आराम? बोटांवर मोजा. एमबीबीएस साडेचार वर्षं, इंटर्नशिप एक वर्ष. सरकारी कॉलेजात शिकलात तर एक वर्षाचा बाँड, म्हणजे सक्तीची सरकारी सेवा. मग नीट पीजी ही पुढच्या शिक्षणाची प्रवेशपरीक्षा, पहिल्याच फटक्यात हवी ती शाखा मिळाली तर एमडी किंवा एमएसची तीन वर्षं. तिशी दारात येते. तोवर बरोबरचे इंजिनिअर घराचे हप्ते फेडत असतात. विद्यावेतन, होस्टेल, सुरक्षितता यांसाठी मार्ड या संघटनेचे निवासी डॉक्टर मधूनमधून संपावर जातात, ते काय आराम जास्त झाला म्हणून?

परदेशाचं थोडक्यात. तिथे जायचं तरी नीट पात्र व्हावीच लागते. २०२१च्या नियमांप्रमाणे किमान ५४ महिन्यांचं शिक्षण इंग्रजीतून, तिथेच १२ महिन्यांची इंटर्नशिप, परत आल्यावर एफएमजीई या परदेशी पदवीधरांच्या परीक्षेत ३०० पैकी १५० गुण आणि इथे पुन्हा १२ महिन्यांची इंटर्नशिप. त्या परीक्षेत सहसा पास होणाऱ्यांपेक्षा नापास होणारेच जास्त असतात. एजंटच्या पत्रकात हा आकडा शोधून दाखवा.

राहिलं रक्त. घेरी येते ती नाडी आणि रक्तदाब एकदम उतरल्यामुळे, आणि सवयीने बहुतेकांची कमी होते. मला काळजी वाटते ती माणसांचा कंटाळा येणाऱ्या पोराची. त्या कंटाळ्याची परीक्षा कुठल्याच पेपरात होत नाही.

म्हणून गेल्या जूनमध्ये मी दोघांना तीन सकाळी ग्रामीण रुग्णालयाच्या ओपीडीबाहेर बाकावर बसायला पाठवलं. तिथला मेडिकल ऑफिसर माझा जुना विद्यार्थी, त्याने आनंदाने होकार दिला. एक मुलगी ९२ टक्क्यांची, एक मुलगा ९५चा, दोघांच्याही घरी ‘डॉक्टरच’ ठरलेलं. तिसऱ्या दिवशी मुलगी येऊन म्हणाली, ‘‘मॅडम, एक आजोबा बीपीची गोळी अर्धी करून घेतात. महिनाभर पुरावी म्हणून. डॉक्टरांना सांगायची लाज वाटते म्हणाले, मला सांगितलं.’’

‘‘मग तू काय केलंस?’’

‘‘त्यांना घेऊन आत गेले. म्हटलं, सांगा आता. चुकलं का माझं?’’

मुलाने वही पुढे केली. आजोबा त्याला आठवतच नव्हते. केसपेपरच्या खिडकीवर दर माणसामागे किती मिनिटं जातात ते त्याने तीन दिवस लिहून काढलं होतं. म्हातारे आणि नवे पेशंट वेगळ्या खिडकीवर घेतले तर रांग किती आखडेल याचा हिशेबही खाली मांडलेला.

तिने पीसीएमबी घेतलं. त्यानेही तेच घेतलं, पण दिवाळीनंतर येऊन बायोलॉजी सोडायचा अर्ज माझ्याच टेबलावर ठेवला. त्याची आई अजून माझ्याशी नीट बोलत नाही.