सीबी रेडिओ मोबाइलने मारला नाही

नमस्कार,

सीबी (सिटिझन्स बँड) रेडिओ, म्हणजे गाडीत किंवा घरी बसवून सामान्य माणसांना आसपासच्यांशी बोलता येणारा रेडिओ, यावरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. 'सीबी रेडिओ म्हणजे ट्रकवाल्यांची शिवीगाळ आणि पोलिसांना चकवायची सोय. मोबाइल आला आणि ती कटकट संपली. यात गळा काढण्यासारखं काय आहे?' असं तुम्ही विचारलंय. १९९४ साली न्यू जर्सीत मित्राच्या गाडीत तासभर तो ऐकून तुमचे कान किटले, हेही लिहिलंय. आणि माझी एक चूक पकडलीत, ती आधी मान्य करतो. सीबीला पहिल्यापासून ४० चॅनेल होती असं मी लिहिलं होतं, ते साफ चुकलं. २७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातली ही सेवा १९५८ मध्ये अमेरिकेत सुरू झाली आणि १९७६ संपेपर्यंत चॅनेल २३च होती. ४० झाली ती १ जानेवारी १९७७ पासून.

शिवीगाळ होती. माझे उच्चार ऐकून 'तुझ्या देशात परत जा' म्हणणारेही मला त्याच रेडिओवर भेटले. मूळ लेखात मी ते लिहिलं नाही, लिहायला हवं होतं.

पोलिसांचंही खरं आहे, पण त्यामागची गोष्ट अर्धी सांगून चालणार नाही. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं आणि जानेवारी १९७४ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सननी देशभरासाठी ताशी ५५ मैलांची मर्यादा आणणाऱ्या कायद्यावर सही केली. ट्रकवाल्याला पैसे मिळायचे मैलावर. डिझेल महाग, तेही कुठल्या पंपावर मिळेल याचा भरवसा नाही, आणि वर वेगाला लगाम. मग १९ नंबरच्या चॅनेलवर डिझेल कुठे आहे हे सांगितलं जाऊ लागलं आणि 'स्मोकी' कुठे दबा धरून बसलाय हेही. 'स्मोकी' म्हणजे हायवे पोलीस. त्यांची रुंद काठाची टोपी वणव्याविरुद्धच्या सरकारी जाहिरातींतल्या स्मोकी अस्वलाच्या टोपीसारखी, म्हणून ते नाव. आपल्याकडे समोरून येणारा ट्रकवाला डिपर मारून पुढे पोलीस उभे असल्याचं सांगतो ना, तसंच हे, फक्त तोंडाने.

आता माझ्या आठवणीकडे येतो. तिला तुम्ही 'नॉस्टॅल्जिया' म्हणून एका शब्दात निकालात काढलंय, आणि तेवढं मला लागलं.

मी तेव्हा ओहायोत नोकरीला होतो. २५ जानेवारी १९७८ च्या रात्री पाऊस पडत होता. पहाटे पारा धाडकन उतरला आणि उजाडलं तेव्हा खिडकीबाहेर पांढऱ्या भिंतीशिवाय काही दिसत नव्हतं. ओहायो टर्नपाइक हा महामार्ग त्या वादळात इतिहासात पहिल्यांदाच पूर्ण बंद ठेवावा लागला. आमच्या गल्लीतली वीज गेली, पाठोपाठ फोनही. माझा सीबी सेट गाडीत डॅशबोर्डखाली बसवलेला, म्हणून दोन रजया घेऊन गॅरेजात जाऊन गाडीत बसलो. इंजिन बंद, फक्त बॅटरीवर. स्क्वेल्चची, म्हणजे नुसती खरखर दाबणारी, खुंटी हळूहळू फिरवायची आणि खरखर नेमकी जिथे तुटते तिथे थांबायचं. जरा पुढे गेलात तर लांबचा क्षीण आवाजही तिच्याबरोबर गायब होतो. त्या दिवशी मी ती खुंटी अगदी काठावर ठेवली होती. खरखर येत-जात होती, येऊ दिली.

नऊ नंबरवर, म्हणजे आणीबाणीसाठी राखलेल्या चॅनेलवर, एक मुलगा बोलत होता. वय फार तर पंधरा. आईचं इन्सुलिन संपलंय, एवढंच पुन्हा पुन्हा सांगत होता. मला तो स्वच्छ ऐकू येत होता. दुसऱ्या बाजूला एक जीपवाला होता, फोर-व्हील-ड्राइव्हवाला, दवाखान्याजवळ. 'कुणाला काही पोचवायचंय का' असं तो विचारत होता. तोही मला स्वच्छ ऐकू येत होता. पण त्या दोघांना एकमेकांचं काही ऐकू जात नव्हतं. सीबीची ताकद कायद्याने चार वॉट, पल्ला काही मैलांचा, आणि माझं घर नेमकं दोघांच्या मधे. दोन तास मी एकाचं बोलणं ऐकायचो, माइकचं बटण दाबून दुसऱ्याला सांगायचो, बटण सोडायचो. बोटं बधिर झाली तेव्हा अंगठ्याऐवजी तळव्याने दाबलं. साडेअकराच्या सुमारास मुलगा म्हणाला, 'आलेत, दारात आहेत.' माझं हॅण्डल, म्हणजे रेडिओवरचं टोपणनाव, 'मॉन्सून' होतं. जीपवाल्याने जाता जाता विचारलं, 'मॉन्सून म्हणजे काय रे?' मी सांगू लागलो, पण तो पल्ल्याबाहेर निघून गेला होता.

त्या मुलाकडे माझा नंबर नव्हता, माझ्याकडे त्याचा नव्हता आणि जीपवाल्याकडे आम्हा दोघांचाही नव्हता. आज व्हॉट्सअ‍ॅपवर हे सहज झालं असतं असं तुम्ही म्हणता. कुठल्या ग्रुपवर?

मोबाइलमुळे सीबी संपला हे तर कालक्रमातच बसत नाही. अमेरिकेतली पहिली व्यापारी मोबाइल सेवा ऑक्टोबर १९८३ मध्ये शिकागोत सुरू झाली. हातात धरायच्या फोनची किंमत तेव्हा जवळपास ४,००० डॉलर. सीबीची लाट त्याआधीच ओसरली होती. सीबी वापरायला लागणाऱ्या परवान्याची अटही १९८३ मध्येच उठली.

सीबी मेला गर्दीने. एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं. दोघांनी एकदम बटण दाबलं की कानात नुसती कर्कश शिट्टी वाजते. शहराजवळ सतत शिट्टीच ऐकू यायची. त्यात १९७९-८० च्या सुमाराला सूर्यावरचे डाग ऐन भरात आले. आकाशातला आयनांचा थर २७ मेगाहर्ट्झच्या लहरी परतवू लागला आणि ओहायोत बसून हजार मैलांवरची माणसं ऐकू येऊ लागली. पहिले आठ दिवस मौज वाटली. मग लक्षात आलं की दोन मैलांवरचा माणूस त्यांच्याखाली दडपला जातोय. त्यावर लोकांनी सेटची ताकद वाढवणारे बेकायदा लिनिअर अ‍ॅम्प्लिफायर लावले. चारचे शेकडो वॉट झाले आणि साधा सेट असलेला माणूस बोलायचाच थांबला. तुम्ही १९९४ मध्ये ऐकलंत ते सगळे निघून गेल्यावर मागे राहिलेल्यांचं बोलणं होतं. त्यावरून आधीच्या वीस वर्षांची पारख करू नका, एवढंच माझं म्हणणं आहे.

सेट अजून आहे. हिवाळ्यात लांब निघालो तर गाडीत लावतो. गेल्या जानेवारीत टोलेडोच्या अलीकडे १९ नंबरवर विचारलं, पुढे रस्ता कसा आहे? बराच वेळ खरखर. मग एकजण म्हणाला, 'पुलावर काळा बर्फ आहे, उजवी लेन सोड.' मी सोडली.

चॅनेलची दुरुस्ती मूळ लेखात केली आहे.