परदेशी संगणक ‘करमुक्त’ आणण्याच्या त्या संदेशाबद्दल

गेल्या आठवड्यात आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप गटावर एक लांबलचक संदेश आला. परदेशात हवा तसा असेंबल करून घेतलेला संगणक एक रुपयाही आयातशुल्क न भरता बेळगावात कसा आणावा, याच्या युक्त्या त्यात सांगितल्या आहेत. पार्सलवर ‘भेटवस्तू’ लिहावे, बिलावर किंमत कमी दाखवावी, शंका आल्यास ‘वापरलेला’ म्हणावे, पत्ता गोव्याचा किंवा महाराष्ट्रातल्या चंदगडचा द्यावा, ओळखपत्र घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचे लावावे, आणि यातले काहीच जमत नसेल तर संगणक सुटा करून किंवा दुबईहून येणाऱ्या कोणाच्या तरी सामानातून आणावा. असे संदेश मी एरवी वाचून सोडून देतो. परंतु खानापूरला राहणाऱ्या माझ्या बहिणीने तो खरा मानला, भाच्याच्या थ्रीडी डिझाइनच्या अभ्यासासाठी तसा संगणक मागवायचे ठरवले, आणि आमच्या ८१ वर्षांच्या आईच्या आधारकार्डाची प्रत एका मध्यस्थाला पाठवूनही दिली. उद्यमबागेतल्या कारखान्यांचे हिशेब आणि कराची कामे करण्यात माझे आयुष्य गेले, तरी तिने मला विचारले नाही, कारण ‘करसल्लागार हे कधीच सांगणार नाहीत’ असे वाक्यही त्या संदेशात आहे.

पत्त्याची युक्ती आधी घेतो, कारण आपल्या भागात तीच सर्वांत सहज पटते. निपाणीकडच्या पंपावर पेट्रोल भरायला महाराष्ट्रातल्या कागलची गाडी येते, आपली माणसे चोर्ला घाटातून गोव्याला जाऊन स्वस्त वस्तू घेऊन येतात, आणि जकात नाक्यावर थांबलेले ट्रक आमच्या पिढीने डोळ्यांनी पाहिले आहेत. हद्द ओलांडली की कर बदलतो, हा अनुभव खोटा नाही. पण तो राज्यांच्या करांचा अनुभव आहे. सीमाशुल्क, ज्यात आयातशुल्क येते, हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील केंद्राच्या सूचीत आहे, आणि आयातीवरचा आयजीएसटी (एकात्मिक वस्तू व सेवा कर) सुद्धा सीमाशुल्क विभागच वसूल करतो. पार्सल विमानतळावरच्या कुरिअर टर्मिनलमध्ये किंवा परदेशी टपालाच्या कार्यालयात उतरते, तेव्हाच कर ठरतो. तेथून पुढे ते बेळगावातल्या शहापूरला जाते की चंदगडला, यावर कर किती हे मुळीच अवलंबून नाही. पत्ता कोणत्या राज्यातला यावरून फार तर त्या कराचा वाटा कोणत्या राज्याला मिळणार हे ठरेल. सीमाप्रश्न आपल्या घराघरांत बोलला जातो, म्हणून त्याच्या आडून कोणीही काहीही खपवावे, याची मला खरोखर चीड येते.

‘भेटवस्तू’ लिहिण्याचा सल्ला एके काळी निदान अंशतः बरोबर होता, लहान किमतीच्या भेटींना तेव्हा सूट मिळत असे. परकीय व्यापार महासंचालनालयाने १२ डिसेंबर २०१९ रोजी काढलेल्या अधिसूचनेने तो मार्ग बंद केला. टपालाने किंवा कुरिअरने आलेल्या मालाची सोडवणूक ‘भेट’ म्हणून मागण्यास त्या अधिसूचनेने मनाई केली आणि अपवाद दोनच ठेवले, जीवरक्षक औषधे आणि राखी. लागू असलेला पूर्ण कर भरून आलेली भेट चालते, पण मग ‘भेट’ या शब्दाने एक रुपयाही वाचत नाही. हा संदेश ज्यांनी पुढे पाठवला, त्यांनी ही एक अधिसूचना वाचली असती तरी पुरे होते.

किंमत कमी दाखवण्याची आणि आईचे ओळखपत्र लावण्याची युक्ती मी एकत्र घेतो, कारण त्यांच्यातूनच खरे नुकसान होते. घोषित किंमत संशयास्पद वाटल्यास ती नाकारून नव्याने ठरवण्याचा अधिकार २००७ च्या सीमाशुल्क मूल्यांकन नियमांतील नियम १२ मध्ये आहे, आणि ग्राफिक्स कार्डाचे मॉडेल टाकले की त्याचा बाजारभाव कोणालाही मिनिटात कळतो. त्यानंतर सीमाशुल्क अधिनियम, १९६२ लागू होतो. खोट्या किमतीचा माल कलम १११ खाली जप्त होऊ शकतो, तो सोडवायचा तर कलम १२५ खाली वेगळा दंड असतो, आणि जाणूनबुजून खोटी घोषणा केल्याचे ठरल्यास कलम ११४एए खाली मालाच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. हे सर्व कोणाच्या नावावर येते? ज्याच्या ओळखपत्रावर पार्सल आले, त्याच्या. ‘वयस्कर माणसाला कोणी त्रास देत नाही’ असे त्या संदेशात लिहिले आहे. जिला संगणक सुरूही करता येत नाही, त्या माउलीच्या नावावर कारणे दाखवा नोटीस येऊ देणे म्हणजे त्रास नव्हे, असे मानणाऱ्या माणसाशी कायद्याच्या भाषेत तरी काय बोलावे?

‘वापरलेला’ लिहिल्याने तर गोष्ट अधिकच बिघडते. जुने वैयक्तिक संगणक परकीय व्यापार धोरणात निर्बंधित आहेत आणि त्यांना परवाना लागतो, म्हणजे नवा संगणक जुना म्हणून घोषित करणारा माणूस सरळ आयात होणाऱ्या वस्तूला आपणहून निर्बंधित करून ठेवतो.

आता जे थोडे खरे आहे ते नाइलाजाने मान्य करतो. सीमाशुल्काच्या वर्गीकरणातील शीर्षक ८४७१ खालच्या संगणकावर आणि ग्राफिक्स कार्डासारख्या अनेक सुट्या भागांवर मूळ सीमाशुल्क शून्य आहे. त्यावरून ‘भाग सुटे मागवले की कर शून्य’ असे सांगितले जाते. परंतु १८ टक्के आयजीएसटी दोन्हींवर आहेच, आणि तो किंमत, वाहतूक व विमा यांच्या एकूण रकमेवर लागतो. १,२०,००० रुपयांच्या संगणकाला १५,००० रुपये वाहतूक व विमा धरला, तर १,३५,००० वर २४,३०० रुपये होतात. माल वैयक्तिक वापरासाठीच्या ९८०४ या शीर्षकाखाली गेला, तर मूळ सीमाशुल्कही शून्य राहत नाही.

प्रवाशाच्या सामानाबद्दलही अर्धेच सांगितले आहे. १८ वर्षांवरील प्रवाशाला एक लॅपटॉप करमुक्त आणता येतो, पण ही सवलत लॅपटॉपची आहे, टॉवर कॅबिनेटची नाही. २०१६ च्या बॅगेज नियमांतील करमुक्त सामानाची ५०,००० रुपयांची मर्यादा आणि त्या वेळचा ३८.५ टक्के दर धरून पाहिले, तर त्याच संगणकाच्या उरलेल्या ७०,००० रुपयांवर २६,९५० रुपये येतात. मर्यादेचे आकडे अधूनमधून बदलतात, तरी कुरिअरपेक्षा हे महाग पडू शकते एवढे यावरून दिसते. शिवाय जड ग्राफिक्स कार्ड प्रवासात सॉकेटमधून निसटले, तर दुरुस्तीसाठी तो डबा पुन्हा परदेशी पाठवणार कोण?

बहिणीला मी हा हिशेब कागदावर लिहून दिला आणि बेळगावातल्या दोन दुकानांतून पक्क्या बिलासह दर मागवायला सांगितले. परदेशातूनच घ्यायचा असेल, तर भाच्याने स्वतःच्या नावावर खरी किंमत लिहून मागवावा आणि कर भरावा, त्याला माझा काही विरोध नाही. आईच्या आधारची प्रत मात्र त्या मध्यस्थाकडे गेलेलीच आहे. ती नष्ट केल्याचे त्याने लेखी कळवावे, असे पत्र मी काल पाठवले असून त्याचे उत्तर अद्याप आलेले नाही.