आकडा वाचण्याआधी मशीन तेच होतं का ते पाहा

तुमच्याकडे आलेल्या एका लेखात मल्टिपल स्क्लेरोसिसच्या (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मेंदूवर आणि मज्जारज्जूवर हल्ला करते, तो आजार) रुग्णाचा मेंदू एमआरआय स्कॅननुसार वर्षभरात ०.६ टक्के आकसल्याचं सांगून लगेच ‘औषध लागू पडत नाही’ असा निष्कर्ष काढलाय. हे मला पटलं नाही. एमआरआय विभागात काम करते म्हणून कळकळीने लिहिते आहे.

निरोगी माणसाचा मेंदूही वयानुसार वर्षाला साधारण ०.१ ते ०.३ टक्के आकसतो. या आजारात तो वेग ०.५ टक्के किंवा त्याहून जास्त असू शकतो. म्हणजे फरक मुळातच अगदी बारीक. शरीरातलं पाणी कमी झालं तरी मेंदूचं आकारमान तेवढं हलू शकतं! त्यात मशीन बदललं, सॉफ्टवेअर बदललं, तर दोन आकड्यांची तुलनाच करता येत नाही. शिवाय प्रभावी औषध सुरू झालं की सूज उतरते आणि पहिल्या वर्षात मेंदू उलट जास्त आकसल्यासारखा दिसतो. लेखात याचा उल्लेखच नाही.

या आजारात मेंदूला झालेल्या इजेचे जे डाग स्कॅनमध्ये दिसतात, त्यांचंही तसंच. आधीचा स्कॅन ५ मिलिमीटरच्या जाड कापांचा (म्हणजे मेंदूच्या एकेका थराच्या चित्रांचा) आणि नंतरचा १ मिलिमीटरचा असेल, तर आधी दोन कापांच्या मधल्या फटीत राहून गेलेला जुना डाग ‘नवीन’ म्हणून रिपोर्टात येतो. रुग्ण घाबरतो, औषध बदलायची चर्चा सुरू होते.

शक्यतो त्याच मशीनवर, त्याच प्रोटोकॉलने (म्हणजे स्कॅनच्या त्याच सेटिंग्जने) स्कॅन करा आणि नुसता रिपोर्ट नको, जुन्या स्कॅनची सीडी सोबत न्या.